बारदेशचे सोरपोतेल

बेळगावहून जांबोटीच्या वाटेने निघालेला प्रवासी कणकुंबीस पोहोचला, म्हणजे तो पाणलोटाच्या माथ्यावर उभा असतो. मलप्रभा येथेच उगम पावते व पूर्वेची वाट धरून पुढे कृष्णेस मिळते. रस्ता मात्र पश्चिमेकडे वळतो आणि चोर्ला घाटाच्या वळणांनी गोव्यात उतरतो. घाटमाथ्यावरील दाट रान मागे पडते, हवा जड व दमट होते, केरी आणि साखळी ही गावे जातात, आणि डिचोली ओलांडून म्हापशाच्या दिशेस लागल्यावर दोन्ही बाजूंस माडच माड दिसू लागतात. आमच्या सीमाभागातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी गोव्यातूनच घाट चढून वर आले. येताना त्यांनी आपल्या प्रार्थना आणल्या, आडनावे आणली, सणासुदीचे पदार्थही आणले. माड तेवढा त्यांना आणता आला नाही. या एका गोष्टीमुळे आपल्या स्वयंपाकघरांत काय घडले, हे पाहावे म्हणून आम्ही बारदेशात चार दिवस राहिलो. आमचे बहुतेक लक्ष एकाच पदार्थाकडे होते, आणि तो म्हणजे सोरपोतेल.

म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो. मयड्याची लांबट केळी, माडाच्या काळ्या गुळाच्या ढेपा, खारवलेले मासे, सुक्या मिरच्यांचे ढीग आणि दोऱ्यात ओवून टांगलेल्या लालभडक चोरिसांच्या माळा, असा सारा थाट असतो. आम्ही शोधीत होतो तो माडाच्या सुरेचा शिरका. एका बाईंपुढे निरनिराळ्या आकाराच्या जुन्या बाटल्या मांडलेल्या होत्या. आम्ही किंमत विचारताच त्यांनी उलट विचारले, “फादर, नवा पाहिजे की जुना? मांसाला घालणार असाल तर जुनाच न्या.” हा प्रश्न आपल्याकडील दुकानदार कधी विचारणार नाही, कारण त्याच्याजवळ एकच बाटली असते आणि तिच्यातील द्रवास वय नसते.

सोरपोतेलाचे मूळ पोर्तुगालातील. तेथील आलेंतेजु प्रांतात जनावराचे रक्त व आतील अवयव यांचा ‘सारापातेल’ नावाचा पदार्थ करतात. पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे तोही गेला, आणि ब्राझीलच्या ईशान्य भागात तो आजही शिजतो. गोवा शहर त्यांनी १५१० साली घेतले, बारदेश व सासष्टी हे प्रांत १५४३ साली त्यांच्याकडे आले. पुढे १९६१ साली त्यांचे राज्य संपले, परंतु पातेले चुलीवरून उतरले नाही. मधल्या काळात त्यातील निम्म्याहून अधिक जिन्नस मात्र बदलून गेले. द्राक्षाच्या मद्याची व शिरक्याची जागा माडाच्या शिरक्याने घेतली. अमेरिकेतून आलेली मिरची त्यात शिरली. लवंग, दालचिनी, मिरे व जिरे ही तर दाराशीच होती. रक्त घालण्याची चाल आता बहुतेक घरांतून गेली आहे. एक गोष्ट कायम राहिली ती ही की, हे मांस एकदा शिजवून भागत नाही, ते दोनदा शिजवावे लागते.

हे दोनदा शिजवणे आम्ही हळदोण्यास एका घरी आरंभापासून पाहिले. हळदोणे हे म्हापशाजवळील नदीकाठचे गाव. तेथील संत थॉमसचे मंदिर १५९६ सालचे आहे. ज्या घरी आम्ही उतरलो तेथील आजी सत्तरीच्या पुढच्या. फेस्ताला तीन दिवस अवकाश असताना त्यांनी पातेले चुलीवर चढविले. तीन किलो मांस, तेही चरबी व कातडीसकट; निराळ्या भांड्यात अर्धा किलो कलेजी, आणि थोडे हृदय व जीभ. मांसाचे तुकडे चांगले तळहाताएवढे मोठे ठेवलेले होते. त्यांत मीठ, चिमूटभर हळद आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढेच पाणी. मसाला नाही, शिरकाही नाही. उकळी फुटल्यावर वर आलेला फेस त्यांनी डवल्याने काढून टाकला आणि जाळ कमी केला.

येथे आम्ही वाचक भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. डुकराच्या मांसात, विशेषतः कातडीत व हाडालगतच्या भागात, चिवट तंतू पुष्कळ असतात. ते तंतू मोठ्या आचेने विरघळत नाहीत. ओली उष्णता आणि वेळ, ही दोन्ही त्यांस लागतात. सुमारे सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू चिकट, मऊ रसात बदलू लागतात, आणि हाच रस पुढे सोरपोतेलाच्या रश्शास अंग देतो. पहिल्या शिजवणीचे काम एवढेच. तिच्याकडून रंगाची व खमंगपणाची अपेक्षा करू नये, कारण जोवर मांस पाण्यात आहे तोवर त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि भाजल्याचा तपकिरी रंग व वास येण्यास त्याहून पुष्कळ अधिक, एकशेचाळीसच्या आसपास, उष्णता लागते. कलेजी वेगळी ठेवण्याचे कारणही असेच साधे आहे. ती फार वेळ शिजली तर मऊ होण्याऐवजी खरखरीत व कोरडी होते; म्हणून आजींनी ती थोडा वेळच उकडून बाजूला काढली.

पाऊण तासाने मांस उतरविले. मग ते एका रुंद परातीत पसरून निववले, आणि उकडलेले पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून ठेवले. त्या पाण्यावर जमलेली चरबी आजींनी एका वाटीत वेगळी काढली. यानंतरचे काम खरे कंटाळ्याचे. घरातल्या दोन सुना, एक लेक आणि शेजारची एक मुलगी अशा चौघी पाटावर बसल्या आणि मांसाचे हरभऱ्याएवढे चौकोनी तुकडे करू लागल्या. तीन किलोस दीड तास लागला. “आधीच बारीक का चिरून घेत नाही?” असे आम्ही विचारले. आजी म्हणाल्या, “कच्चं मांस सुरीखाली पळतं फादर, चरबी तर जास्तच. उकडून निवलं की गप्प बसतं.” निवलेली चरबी घट्ट होते, कातडी ताठ राहते आणि प्रत्येक तुकड्यास धार येते, हे आम्ही जवळून पाहिले. शिवाय प्रत्येक लहान तुकड्यास सहा बाजू. म्हणजे पुढे तव्यास आणि मसाल्यास लागण्याजोगा पृष्ठभाग किती वाढला, याचा हिशेब शाळेतली मुलेही करतील.

दुसरी शिजवण संध्याकाळी झाली. कढईत तेल नाही. वाटीत काढलेली तीच चरबी. तुकडे थोडे थोडे घालून परतायचे, एकदम सारे नाही. एकदम घातले तर त्यांचेच पाणी सुटते आणि परतण्याऐवजी ते पुन्हा उकडू लागतात. तुकडे तांबूस झाले व कडा किंचित कुरकुरीत झाल्या की काढून घ्यायचे. शेवटी कलेजी, तीही क्षणभर. मग त्याच कढईत बारीक चिरलेला कांदा, आणि तो लाल झाल्यावर वाटण. वाटणात पंचवीस-तीस सुक्या लाल मिरच्या, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, हळद, आले आणि सढळ हाताने लसूण. हे सारे रगड्यावर वाटलेले, आणि पाण्याने नव्हे तर शिरक्याने वाटलेले. नारळाचे खोबरे यात पडत नाही. माडाच्या देशात राहून ज्या थोड्या रश्शांत खोबरे घालीत नाहीत, त्यांपैकी हा एक. मिरचीचा रंग व मसाल्याचा वास चरबीत उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही. म्हणून वाटण चरबीत परतून घेण्यास आजींनी घाई केली नाही. मग तुकडे, मग गाळून ठेवलेले पाणी लागेल तेवढे, मग आणखी शिरका, आणि मंद जाळ.

आमच्या गावांत हल्ली हे सारे एकाच कुकरात होते. कच्चे मांस, तयार मसाल्याची पुडी, कांदा व शिरका एकत्र घालून पाच-सहा शिट्ट्या दिल्या जातात. घाईच्या दिवशी कोणी तसे केले तर आम्ही बोल लावणार नाही. घरची बाई शेतावरून परतून चूल पेटवते, हे आम्ही रोज पाहतो. परंतु त्या पदार्थास सोरपोतेल म्हणू नये, असे आमचे मत आहे. कुकरात मांस मऊ होते खरे, पण परतल्याचा वास येत नाही, चरबी रश्शावर तरंगत राहते आणि कलेजीचा चुरा होतो. कुकरच वापरायचा असेल तर तो पहिल्या शिजवणीस वापरावा. तेथे तो उपयोगी आहे व लाकूडफाटाही वाचवतो. दुसरी शिजवण मात्र उघड्या कढईतच झाली पाहिजे.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. पहिल्या शिजवणीस लोक ‘अर्धे शिजवणे’ म्हणतात, आणि या शब्दामुळे घोटाळा होतो. मांस अर्धे मऊ असले तर चालेल. ते आतून अर्धे कच्चे असता कामा नये. डुकराच्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या पोटात जाऊ शकतो, आणि त्या कृमीची अंडी विष्ठेतून हातास व अन्नास लागून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फेपरे येऊ शकते. जुन्या गोव्यात परसातील शौचकूप आणि डुकराचा खुराडा एकमेकांस लागून असत. ती चाल आता जवळजवळ नाहीशी झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मोकाट फिरणारी डुकरे आपल्याकडे अजून आहेत. मांसात साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसले तर ते मांस कितीही स्वस्त असो, घेऊ नये. तुकडा कापल्यावर मध्यभागी गुलाबी पाणी राहता कामा नये. उकडलेले मांस रुंद भांड्यात लवकर निववावे आणि लगेच परतायचे नसेल तर दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे. कच्चे मांस चिरलेला पाट व सुरी धुतल्याविना शिजलेल्या मांसास लावू नये. शिजवण पुरी असली, तरी मधल्या या वेळेकडे दुर्लक्ष झाल्यास सारे श्रम वाया जातात.

हे सोरपोतेल त्या रात्री कोणी खाल्ले नाही. आम्हांस चवीपुरते एक चमचा मिळाले. ते तिखट होते, आंबट होते, आणि दोन्ही चवी वेगवेगळ्या उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते एकदा खळखळून उकळले, निववले व पुन्हा ठेवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. पूर्वी शीतकपाट नसताना एवढ्या दमट हवेत हे मांस टिके, ते आंबट, मीठ आणि रोजची उकळी यांच्या बळावर. फेस्ताच्या दिवशी आम्ही ते सान्नांबरोबर जेवलो, तेव्हा शिरक्याचा तिखा वास मावळला होता आणि मांसाच्या आत मसाला पोहोचला होता.

आम्हांस अधिक मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. फेस्ताच्या सकाळी त्या घरातील चारही स्त्रिया मिस्सेला अगदी पहिल्या ओळीत होत्या. घरी परतल्यावर सान्ना वाफवायच्या आणि पातेले गरम करायचे, एवढेच काम उरले होते. पाहुणे आले तेव्हा आजी बाल्कांवात बसून त्यांची विचारपूस करीत होत्या. आपल्या गावांत सणाच्या दिवशी बायका पहाटेपासून धुरात असतात, मिस्सेला उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि पाहुणे जेवून गेल्यावर उरलेसुरले खातात. बारदेशच्या या पदार्थात कष्ट कमी नाहीत, उलट अधिकच आहेत. पण ते सणाच्या आधी उरकतात व चार हातांत वाटले जातात. त्याच घरी हिंदू शेजाऱ्यांसाठी वेगळ्या भांड्यांत भाजी, वरण व गोडधोड केलेले होते, आणि ते शेजारी निःसंकोच जेवून गेले.

शिरक्याविषयी थोडे सांगायचे राहिले. माडाची पोय छाटून तिचा रस मडक्यात धरतात. रेंदेर सकाळ-संध्याकाळ चढून तो उतरवतो आणि मधल्या वेळी पुन्हा चढून पोय तासतो. ही सूर ठेवली की आंबते, आणि काही आठवड्यांत तिचा शिरका होतो. परंतु माडावर चढणारी तरुण माणसे आता थोडी राहिली आहेत. आजींच्या माडांवर जो रेंदेर येत असे त्याची मुले नोकरीस लागली. ते योग्यच झाले, त्या धंद्यात पडून मोडलेली हाडे आम्ही पाहिली आहेत. तरी परिणाम हा की, गोव्यातील घरांतही आता बाजारची बाटली येते. घाटावर तर आपणांस तिच्याविना गत्यंतर नाही. ती घेताना वेष्टन वाचावे. ‘सिंथेटिक’ असे लिहिलेले असेल तर ते ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून केलेले आहे. त्याने आंबटपणा येतो, पण सुरेच्या शिरक्याची मंद गोडी येत नाही. म्हणून ते कमी घालावे, आणि ऊस किंवा माडापासून आंबवून केलेला शिरका मिळत असल्यास तोच घ्यावा. म्हापशाहून आम्ही चार बाटल्या आणल्या. त्यांतील दोन गावच्या महिला मंडळाकडे दिल्या आहेत; येत्या फेस्तास किती किलो मांसाला त्या पुरतात, ते मंडळाच्या भगिनींनी मोजून ठेवायचे ठरविले आहे.