तिसरे चाक

दुचाकी सोडून तीनचाकीवर बसणे म्हणजे केवळ एक चाक वाढणे नव्हे. नोकरीच्या काळात इच्चोडा, बोथ, उटनूर ही फिरती आम्ही मोटारसायकलवरच केली. पुढे डाव्या पायातील शक्ती उणावली, तेव्हा घरच्यांनी गाडी विकण्याचा सल्ला दिला. आम्ही मात्र मागे दोन चाके बसविलेली स्कूटर पत्करली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात शारीरिक व्यंग असलेल्यांसाठी खास बांधलेल्या वाहनाचीच व्याख्या होती. २०१९ च्या दुरुस्तीने फेरबदल करून घेतलेले वाहनही तीत आले.

दुचाकी वळणावर आत कलते आणि त्या कलण्यानेच सावरते. आमची तीनचाकी कलत नाही. स्वार बाहेर ओढला जातो. म्हणून वळणाआधीच वेग कमी करून अंग आत झुकवावे लागते. खड्डाही आता एका नव्हे, तीन चाकोऱ्यांतून चुकवावा लागतो. २००७ साली परदेशात आलेली कॅन-ॲम स्पायडर ही मोठी प्रवासी तीनचाकीही कलत नाही. तिच्या स्वारांनाही हे नव्याने शिकावे लागते.

साठीनंतरचे हे शिक्षण आम्हांस जड वाटले नाही. पुष्य अमावास्येस केसलापूरच्या नागोबा जत्रेस निघताना आज कोणाची सवड विचारावी लागत नाही, हे आमच्या वयात थोडे नव्हे.