चौकच्या नाक्यावर अप्पांची येझदी

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघाले की वाटेत चौक लागते. डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका दिसतो आणि इथूनच कर्जतचा रस्ता फुटतो. एके काळी मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक या गावावरून जात असे. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि मोटारी तिकडे वळल्या. त्या महामार्गावर दुचाकींना मात्र बंदी आहे. म्हणून घाटाकडे जाणारा मोटारसायकलवाला आजही चौकवरूनच जातो. रविवारी सकाळी नाक्यावर चहा घेत उभे राहिले, तर बुलेट, राजदूत, जावा अशा जुन्या गाड्या आवाजावरून ओळखता येतात.

मागच्या पावसाळ्यानंतर मी आणि माझा धाकटा भाऊ कर्जतहून चौकला गेलो ते अप्पांची येझदी टेम्पोत घालून. अप्पा खोपोलीच्या एका कारखान्यात कामगार होते. १९८४ साली त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली मोटारसायकल. ज्या आळीतून आजोबा खाली मान घालून जात, त्याच आळीतून अप्पा ताठ बसून जात. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले, तर लोक आधी आमचे दार वाजवीत. अप्पा गेल्यावर गाडी पडवीत गंजत पडली. मुंबईच्या एका हौशी माणसाने चांगली किंमत देऊ केली होती. भाऊ म्हणाला, "ताई, चालू करून देऊन टाकू."

नाक्याजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी ओळखली. त्याने प्लग काढून खरवडला, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, कार्बोरेटर उघडून धुतला. हात चालू होते आणि तोंडही. ही गाडी म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची लेक. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली, पुढे तिचेच नाव येझदी झाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तरी गाड्या चालूच आहेत, कारण साध्या हत्यारांनी त्या रस्त्याच्या कडेला उघडता येतात.

जावाने शर्यतीत नाव कमावले तेही याच गुणावर. सहा दिवसांची एक आंतरराष्ट्रीय शर्यत होत असे. डोंगर, चिखल, दगडधोंडे तुडवीत वेळेत पोहोचायचे, आणि गाडी बिघडली तर स्वारानेच जवळच्या हत्यारांनी दुरुस्त करायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. १९४८ साली इटलीत याच शर्यतीत नव्या बुलेटने सुवर्णपदके मिळविली. १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षे तिथला मुख्य करंडक चेकोस्लोव्हाकियाने जिंकला, तो जावावर स्वार होऊन. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर या गाड्या पळत.

हे ऐकताना मला अप्पा आठवले. बोरघाट उतरताना ते अधूनमधून उगाच ॲक्सिलेटर पिळत. लहानपणी मला ती ऐट वाटे. मिस्त्री म्हणाला, "ऐट नव्हे ताई. या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. लांब उतारावर मूठ बंद ठेवली तर इंजिन कोरडं पडून धरतं." सातवी शिकलेल्या अप्पांना हे कुणी शिकविले नव्हते. गाडी उघडून-उघडून ते शिकले होते.

येझदीत गिअरचाच दांडा आत दाबून फिरवला की किक होते. भावाला ते ठाऊक नव्हते. मिस्त्रीने दाखविले. चौथ्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि तोच आवाज आला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मिस्त्रीला विचारले, "प्लग कसा काढायचा, मला दाखवाल?"

टेम्पो रिकामाच परत गेला. भाऊ पुढे, मी मागे, असे आम्ही कर्जतला आलो. आळीच्या तोंडाशी त्याने वेग कमी केला आणि पाठ ताठ केली.

वाचकहो, आपल्याही पडवीत अशी एखादी गाडी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मुलांना ती एकदा उघडायला द्या.