मनीचे दुखणे आणि मावशींची नजर

आपल्या वस्त्यांतून घरोघरी मांजर असते. पण मांजरालाही माणसासारखा गंभीर आजार होतो, हे पुष्कळांना पटत नाही. "दोन दिवस उपाशी राहील आणि आपोआप बरे होईल," असे आपण म्हणतो. एरवी ते खरेही ठरते. मात्र मूत्रपिंड एकाएकी निकामी होऊ लागले, तर त्याच दोन दिवसांत मांजर हातचे जाते.

मी बदलापूरला राहतो आणि मुंबईत कारकुनी करतो. आमच्या चाळीतल्या एक मावशी जन्मभर धुणीभांडी करून आता एकट्या राहतात. सोबतीला मनी नावाची मांजरी. गेल्या वर्षी महिला मंडळाने मावशींचा सत्कार केला आणि पुष्पगुच्छ दिला. त्यात मोठी पांढरी लिलीची फुले होती. मावशींनी तो कौतुकाने तांब्यात पाणी घालून खिडकीत ठेवला.

त्या रात्री मनीने दोनदा ओकारी काढली. त्यात पानाचे तुकडे होते. शेजारी म्हणाले, मांजर गवत खाऊन ओकतेच. पण सकाळी मनी बोंबील भाजल्याच्या वासानेही उठली नाही. खाटेखाली अंग चोरून बसली. वाटीतले पाणी मात्र संपवले होते आणि वाळूची पाटी नेहमीपेक्षा जास्त ओली होती. मावशींनी माझे दार वाजवले. "भाऊ, हिचं काहीतरी बिनसलंय. ही झोपेची मांजर नाही."

मी ऑफिसला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एका पिशवीत मनी आणि दुसऱ्या पिशवीत गुच्छातले फूल व पान. तो आग्रह मावशींचाच. डॉक्टरांनी फूल पाहिले आणि लगेच सलाईन लावले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. तीन दिवस सलाईन चालले आणि मनी वाचली. मावशींनी भिशीचे पैसे त्यात घातले. "मांजरावर एवढा खर्च?" असे कोणी हसले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मी घरी आले की दाराशी येणारं एवढं एकच जण आहे."

शाळा न शिकलेल्या या बाईने जे पाहिले, तीच या आजाराची लक्षणे आहेत. मूत्रपिंड रक्तातील घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. ते बिघडले की घाण रक्तात साठते. मग मांजर खाणे सोडते, ओकते, लाळ गाळते, कोपऱ्यात लपते. तोंडाला लघवीसारखा वास येतो. आधी पाणी आणि लघवी वाढू शकते. पुढे लघवी कमी होते किंवा थांबते. लघवी थांबणे हे सर्वांत वाईट चिन्ह.

खऱ्या लिलीचे पान, फूल, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराला विषारी असते. अंगावर पडलेला पराग चाटूनही विष पोटात जाते. पहिल्या बारा तासांत ओकाऱ्या होतात. मग कधी कधी मांजर सावरल्यासारखे दिसते आणि आपण फसतो. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडते. साधारण अठरा तासांच्या आत उपचार सुरू झाले तर वाचण्याची आशा चांगली असते.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्याही तितक्याच घातक. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन लाखो गिधाडे मेली आणि २००६ साली आपल्या देशात त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मांजराला आयब्युप्रोफेनने तसाच धोका असतो; पॅरासिटामॉल तर रक्तच बिघडवून जीव घेते. २००७ साली अमेरिकेत भेसळीच्या तयार खाद्यामुळे कितीतरी कुत्री-मांजरे मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली. त्या खाद्यात मेलामाईन सापडले होते. गाडीच्या इंजिनात घालायचे कूलंटही असेच विष आहे.

बोक्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते. तिथे खडा किंवा चिकट पदार्थ अडकला की बोका पाटीत बसून कुंथतो, ओरडतो, वारंवार चाटतो, पण थेंब पडत नाही. घरच्यांना वाटते, शौचाला होत नसेल. आमच्या मागच्या गल्लीतला एक बोका असाच दोन दिवसांत गेला.

तेव्हा अशी शंका आली की घरगुती औषध, मीठ-पाणी किंवा दूध जबरदस्तीने पाजू नका. काय खाल्ले, किती वाजता ओकले, शेवटची लघवी केव्हा झाली, हे कागदावर लिहा आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. रक्ततपासणी आणि दाखल करण्याची सोय कुठे आहे, ते तिथेच विचारा. मुंबईकडे जायचे झाले तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. आपल्या लोकलने ते सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे.

आपल्या कार्यक्रमांतून हारतुऱ्यांऐवजी वही-पेन देण्याची चांगली पद्धत आहे. ती सत्कारांतही पाळूया. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांनी रोज सकाळी पाण्याची वाटी आणि वाळूची पाटी एकदा नजरेखालून घालावी. त्याला पैसा लागत नाही.