पाण्याचं नंतर बघू

फिनिक्सच्या पश्चिमेला बकाय या उपनगरात घर घेताना मी शाळा, फ्रीवे, सोसायटीची वर्गणी, सगळं खोदून खोदून विचारलं. पाण्याचं विचारलं नाही. लहानपणी माणदेशात टँकर दिसला की हंडा घेऊन धावणारा मी. पण आखीव रस्ते आणि ब्रोशरमधलं तळं बघून भुललो. तिथे कायद्याने वाचवलं. ॲरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्यामुळे या पट्ट्यात नवी वसाहत विकण्याआधी शंभर वर्षांच्या पाण्याची सोय दाखवावी लागते.

मग वसाहतीचे नियम जाचायला लागले. कचऱ्याचा डबा रात्री बाहेर राहिला, नोटीस. दाराचा रंग बदलायचा, अर्ज. शहराच्या हद्दीबाहेर एकरभर जमीन स्वस्तात मिळत होती, ती घेतली. बायको म्हणाली, "अरे, पण पाणी?" मी म्हणालो, "बोअर मारू, नाहीतर टँकर आहेच." माणदेशातला माणूस हे बोलला!

जमीन स्वस्त का, ते नंतर कळलं. सहा किंवा त्याहून जास्त तुकडे पाडले तरच कायद्याच्या लेखी ती वसाहत होते. मूळ मालकाने पाचच पाडले होते, त्यामुळे शंभर वर्षांची अट लागूच नव्हती. एजंटने फसवलं, असं मी बरेच दिवस सांगत फिरलो. ते खोटं होतं. अशा जमिनीच्या विक्रीत मालकाला एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात पाणी कुठून येणार हे लिहावं लागतं. मलाही दिलं होतं. न वाचता सही केली.

बोअरवाल्याने फुटाचा दर सांगितला आणि पाणी लागो न लागो, पैसे द्यावे लागतील म्हणाला. राहता राहिला टँकर, पण त्याचाही भरवसा उरला नव्हता. १ जानेवारी २०२३ पासून फिनिक्सजवळच्या स्कॉट्सडेल शहराने हद्दीबाहेरच्या टँकरना पाणी देणं थांबवलं आणि त्या शहराशेजारच्या रिओ व्हर्डे फूटहिल्स वस्तीतली शेकडो घरं अडचणीत आली. लोक कागदी ताटल्यांत जेवू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी देणं बंद केलं.

जमीन विकायला काढली आहे. येणाऱ्याच्या हातात मी आधी ते प्रतिज्ञापत्र देतो. बहुतेक जण घडी घालून खिशात ठेवतात आणि विचारतात, घोडा ठेवायला परवानगी आहे ना?