आमची घारापुरीची सहल

मुंबईंत सारा जन्म काढलेल्या कित्येक कुटुंबांनीं काशी-रामेश्वर केलेलें असतें, पण घारापुरी पाहिलेली नसते. अपोलो बंदरापासून हें बेट अवघें दहा-अकरा किलोमीटर. लाँचनें तासाभराची वाट. जवळ आहे म्हणूनच तें पुढच्या रविवारावर टाकलें जातें, आणि तो रविवार कांहीं उगवत नाहीं. आमच्याकडे त्यास आणखीही एक कारण होतें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं नौदलाची एक वेगवान बोट घारापुरीच्या वाटेवरील उतारूंच्या लाँचवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दिवसापासून आमच्या मातोश्रींपुढें बेटाचें नांव काढण्याची सोय राहिली नव्हती. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं मोठ्यांनीं हौसेखातर वाटेल तें करावें. ज्यांना पोहतां येत नाहीं अशा लेकरांना त्यांत ओढूं नये. या म्हणण्यास उत्तर देणें सोपें नव्हतें, आणि आम्हीं तें दिलेंही नाहीं.

तोड निघाली ती थोरलीमुळें. आठ वर्षांच्या या मुलीनें कोठेंसें त्रिमूर्तीचें चित्र पाहिलें होतें. तिनें आम्हांस न विचारतां थेट आजीस विचारलें, "आजी, तूं बरोबर असलीस तर?" मातोश्री दोन दिवस त्या विषयावर बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं दशम्यांसाठीं गूळ काढला, त्यावरून आम्ही काय तें समजलों.

मुलें घेऊन जाणाऱ्या गृहिणींनीं एवढें ध्यानांत ठेवावें: सोमवारीं लेणीं बंद असतात, आणि सकाळची पहिली लाँच धरावी, कारण दुपारीं दगड तापतात व मुलेंही. लाँचवर आतां सर्वांना लाइफ जॅकेट घालावें लागतें. मातोश्रींनीं दोघां मुलांचे पट्टे स्वतः बांधले, प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला, आणि स्वतःचें जॅकेट सर्वांच्या शेवटीं चढविलें. नऊवारी लुगड्यावर तें नारिंगी जॅकेट पाहून मुलांना हसूं आवरेना. बंदर मागें पडलें, मोठीं जहाजें डोंगरांसारखीं आडवीं आलीं, लाँचबरोबर कुरव पक्षी उडूं लागले. मुलांची आई त्यांना पक्षी दाखवीत होती. मातोश्रींची नजर मात्र बराच वेळ त्या पट्ट्यांवरून हलली नाहीं.

धक्क्यावर उतरतांच पांच वर्षांच्या धाकट्यानें विचारलें, "हत्ती कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. या बेटास एलिफंटा हें नांव पोर्तुगीजांनीं येथील एका दगडी हत्तीवरून दिलें. १८६४ सालीं इंग्रजांनीं तो विलायतेस नेण्याचा घाट घातला. उचलतांना यारीची सांखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. विलायतवारी राहिली. पुढें १९१४ सालीं ते तुकडे जोडण्यांत आले, आणि आज तो हत्ती भायखळ्यास राणीच्या बागेंत उभा आहे. ज्या प्राण्यामुळें बेटाला जगांत नांव मिळालें तो बेटावर नाहीं, हें ऐकून धाकटा नाराज झाला. परंतु समोर चिमुकली आगगाडी दिसतांच हत्तीवरचा त्याचा हक्क त्यानें तूर्त सोडून दिला.

गाडी उतरल्यावर सुमारें एकशें वीस पायऱ्या आहेत. वृद्धांसाठीं खुर्चीची डोली मिळते. मातोश्रींनीं ती नाकारली. दोहों बाजूंस दुकानें आणि दुकानांवर माकडें. त्यांची नजर आमच्या दशम्यांवर आमच्याहून अधिक होती.

लेण्यांत शिरल्यावर मुलांना प्रथम काय दिसावें? गाभारा. चारी दिशांस चार दारें, प्रत्येक दाराशीं दोन प्रचंड द्वारपाल. एका दारानें आंत जावें, दुसऱ्यानें निघावें, याहून मौजेची घरबांधणी मुलांनीं पाहिली नव्हती. आम्ही त्यांना महेशमूर्तीकडे नेण्यास उतावीळ, तीं मात्र दारें संपविल्यावांचून येईनात. अखेर त्या सुमारें साडेपांच मीटर उंचीच्या मूर्तीपुढें सारीं उभीं राहिलीं. लोक तिला ब्रह्मा-विष्णु-महेश म्हणतात. वस्तुतः तिन्ही मुखें शिवाचींच. आपल्या डावीकडे अघोर, उजवीकडे हातीं कमळ घेतलेला वामदेव, मध्यें शांत तत्पुरुष. धाकट्यानें क्षणभर पाहून निर्णय दिला, "हा रागावलाय, हा झोपलाय आणि ही आई आहे." याहून आटोपशीर वर्णन आमच्या वाचनांत नाहीं.

मातोश्रींनीं गाभाऱ्यांतील लिंगास नमस्कार केला होता, महेशमूर्तीसही केला. पुढें नटराजाशीं आलों तेव्हां त्यांचे हात जोडले गेले नाहींत. आठ हातांची ती मूर्ति. त्यांतले बहुतेक हात तुटलेले, पायही गेलेले. थोरलीच्या तें तत्काळ ध्यानांत आलें.

"आजी, याला नमस्कार नाही केलास?"

"खंडित मूर्तीला करूं नये, बाळ. आमच्या घरीं तसंच शिकवलं."

"पण त्याला लागलंय ना?" धाकटा म्हणाला.

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. मग अपेक्षित प्रश्न आला: "कोणी मोडलं?"

या ठिकाणीं पालकांस मोठा मोह होतो. १५३४ सालीं हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्यांच्या अमदानींत मूर्तींची नासधूस झाली, येथील शिलालेख त्यांनीं पोर्तुगालास नेला तो तेथें हरवला, आणि लेणीं कोणीं खोदविलीं याचा लेखी पुरावाच गेला. म्हणून सहाव्या शतकांतील कलचुरींचें नांव विद्वान घेतात तें मुख्यतः येथें सांपडलेल्या नाण्यांच्या व शैलीच्या आधारें. हें सर्व खरें आहे. परंतु झिरपणारें पाणी, खारा वारा आणि शतकांची हेळसांड यांनींही आपला वांटा उचललेला आहे. मुलांच्या हातीं एक शत्रु देऊन मोकळें होणें सोपें असतें. आम्हीं दोन्ही गोष्टी सांगितल्या, आणि राग मूळ कथेहून मोठा होऊं नये इतपतच सांगितल्या. मुलांच्या आईस एवढेंही अधिक वाटलें.

थोरली मात्र निराळ्याच विचारांत होती. "हत्ती जोडला, मग देवाचे हात कां नाही जोडत?"

आम्हीं म्हटलें, हत्तीचे तुकडे हातीं होते. येथील मोडके खांबही पुन्हां उभारले आहेत, कारण खांब कसा असतो हें शेजारच्या खांबावरून कळतें. हे हात तर कोठें आहेत तें ठाऊक नाहीं. आज कोणी नवे बसविले, तर ते आपले हात होतील, त्या शिल्प्याचे नव्हेत.

तिला तें पटलें कीं नाहीं, कळलें नाहीं. ती मूर्तीसमोर उभी राहिली, एक पाय उचलला, आणि उरलेल्या दंडांकडे पाहून एकेक हात कोठें गेला असेल तें करून पाहूं लागली. दोनच हात असल्यामुळें चार वेळां करावें लागे. लोक थांबून पाहूं लागले. आम्ही तिला बोलावणार, तोंच मातोश्री म्हणाल्या, "डावा थोडा वर घे. त्याचा खांदा बघ कसा आहे."

पुढचीं शिल्पें झटपट झालीं. भूक लागली होती. उतरतांना एका दुकानांत आम्ही पाणी घेतलें. बेटावर कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारींत. तोंवर संध्याकाळचे कांहीं तास जनरेटरवर दिवे लागत. आतां समुद्राखालून सुमारें साडेसात किलोमीटर तार घातलेली आहे. माशांना शॉक बसत नाहीं ना, याची धाकट्यानें खात्री करून घेतली.

परतीच्या लाँचवर दोघेंही मुलें आजीस टेकून झोपीं गेलीं, जॅकेटें तशींच बांधलेलीं. वारा सुटला होता. अपोलो बंदराची कमान दिसूं लागली तेव्हां मातोश्रींनीं हळूच विचारलें, सुट्टींत मुलांना पोहायला शिकविणारा वर्ग आपल्याकडे कोठें असतो, आणि त्याची फी काय असते?