पाचवा हार्मोनिक कोणाचा?

गेल्या मोसमात हाताखाली नवी इंजिनीअर आली. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीची मोजणी करताना तिने मला एक प्रश्न विचारला, "सर, हा पाचवा हार्मोनिक पवनचक्कीचा की लाइनचा?" पाचवा म्हणजे लाइनच्या ५० हर्ट्झची पाचपट; ते २५० हर्ट्झ अजून डोक्यातून जात नाहीत.

फ्लिकरला, म्हणजे व्होल्टेजच्या हेलकाव्याने दिवे लुकलुकण्याला, हा प्रश्न पडत नाही. तिथे आयईसी ६१४००-२१ या मानकाने फार देखणी वाट काढली आहे. ६९० व्होल्टच्या बाजूला मशीनचा करंट मोजायचा आणि गणितात एका काल्पनिक ग्रिडवर सोडायचा. त्या ग्रिडवर दुसरं कोणीच नाही. खालच्या गावातल्या गिरण्या, पंप सगळे गळून पडतात आणि पाती टॉवरसमोरून जाताना दर फेऱ्याला तीनदा येणारा हेलकावा तेवढा उरतो.

हार्मोनिकला ही सोय नाही. मशीन थांबवून मोजलं तर लाइनची घाण दिसते, पण थांबलेलं मशीन म्हणजे चालतं मशीन नव्हे. चालू असताना कन्व्हर्टरचा फिल्टर लाइनवरचाच पाचवा स्वतःकडे ओढू शकतो. मीटर करंट दाखवतं आणि आपण तो मशीनच्या खात्यावर टाकतो. शेजारच्या चक्क्या सुरू-बंद झाल्या की इम्पीडन्स बदलतो, कालचा आकडा आज येत नाही. व्होल्टेज आणि करंटमधल्या कोनावरून दिशा काढा, असं काही जण सांगतात. स्रोत दोन्हीकडे असले की कोनावरून दोषी ठरत नाही.

पूर्वी मी वेव्हफॉर्म पाहूनच हार्मोनिक कोणाचा ते सांगायचो. बरोबर निघालं की लोक माझ्याकडे बघत, ते मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. तिने विचारलं, "पण सिद्ध कसं करायचं?" माझ्याकडे नजर होती, पुरावा नव्हता. आता आम्ही बंद आणि चालू अशी मोजणी एकाच दिवशी, पाठोपाठ घेतो. शेजारी किती मशीन चालू होती तेही लिहितो. उत्तर तरीही अर्धंच मिळतं.

हल्ली मोजणीची पेटी लावून, सॉफ्टवेअरमधून कागद काढून 'पास'चा शिक्का मारणारे वाढलेत. आयट्रिपलई ५१९ या मानकातल्या हार्मोनिकच्या मर्यादा ग्रिडला जोडणी होते त्या ठिकाणासाठी आहेत. त्या एकट्या मशीनच्या टोकाला लावणं मला मान्य नाही.

असा अहवाल तुमच्या हातात आला तर आधी मशीन बंद असतानाच्या मोजणीचं पान मागा, आणि तेव्हा फिल्टर लाइनला जोडलेला होता का ते विचारा. पान नसेल तर अहवाल परत पाठवा.