एक आण्याचें चित्र

परवां संध्याकाळीं आमचा नातू झोपाळ्यावर बसून हातांतल्या मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहात होता. गोलंदाज धांवत आला, त्यानें हात फिरविला, आणि चेंडू सुटण्यापूर्वींच चित्र जागच्या जागीं थिजलें. दोन श्वासांहून अधिक काळ कांहीं तें तसें राहिलें नसेल. पण तेवढ्यांत "आजोबा, नेट गेलं!" अशी जी आरोळी उठली, ती ऐकून आमचें कुटुंब हातांत पळी घेऊनच स्वयंपाकघरांतून बाहेर आलें. घराला आग लागली असती तरी याहून निराळा स्वर निघाला असता असें वाटत नाहीं.

"आमच्या वेळीं असें नव्हतें" हें वाक्य उच्चारावयाचें नाहीं असा आम्हीं साठी उलटतांनाच निश्चय केला आहे, आणि तो पुष्कळसा पाळलाही आहे. शिवाय, वाट पाहण्यानें माणूस सुधारतो यावर आमचा मुळींच विश्वास नाहीं. रॉकेलच्या रांगेंत उभा राहून कोणी संत झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेव्हां आम्ही मुकाट्यानें चष्मा पुसूं लागलों. पण त्या दोन श्वासांच्या खोळंब्यानें मन एकदम मागें गेलें, तें थेट २००६ च्या श्रावणांत, लांजा तालुक्यांतील आमच्या गांवच्या सड्यावर जाऊन थांबलें.

त्याच्या दोन वर्षें आधीं, २००४ मध्यें, आमच्या चिरंजीवांनीं नोकरीच्या पहिल्या कमाईंतून आम्हांस नोकिया ६६०० नांवाचा मोबाइल आणून दिला होता. भरल्या वांग्यासारखें तें फुगीर यंत्र शर्टाच्या खिशांत घातलें म्हणजे खिसा एका बाजूस ओढला जाई. त्याच्या पाठीवर मसुराएवढें एक भिंग होतें. त्या भिंगांतून निघणारें चित्र आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके मिळून बनलेलें असे. आम्ही आयुष्यभर गणित शिकविलें असल्यामुळें गुणाकार केल्यावांचून राहावलें नाहीं : ३,०७,२०० ठिपके. आज पांच कोटी ठिपक्यांच्या गोष्टी भाजीवालासुद्धां करतो. पण तीन लाख म्हणजे त्या वेळीं आम्हांस मोठी दौलत वाटली.

फोटो काढणें म्हणजे एक समारंभ, अशी आमच्या घरची जुनी समजूत. आमचे वडील नाना यांचा कोट घातलेला एकुलता एक फोटो रत्नागिरीच्या स्टुडिओंत काढलेला होता, आणि त्यांतील कोट स्टुडिओवाल्याचा होता. त्यामुळें कांहीं कारण नसतां फोटो काढावयाचा ही कल्पना अंगवळणीं पडण्यास वेळ लागला. पहिला आठवडा आम्हीं कुंडींतल्या जास्वंदीवर काढला. मग एके दिवशीं लांजाच्या स्थानकांत एस. टी.चें वेळापत्रक लिहून घ्यावयास कागद सांपडेना, म्हणून भिंग भिंतीवरच्या फळ्याकडे वळविलें. आणि या यंत्राचा खरा उपयोग आम्हांस त्या क्षणीं कळला. पुढें नळाचा झिजलेला वॉशर दुकानदारास दाखविणें, औषधाच्या बाटलीवरचें नांव टिपणें, असे उद्योग सुरू झाले. आमच्या कुटुंबानें तर एका लग्नांत पुढच्या रांगेंतील बाईंच्या साडीचे कांठ अशा शिताफीनें टिपले कीं त्या बाईंस पत्ताही लागला नाहीं. चित्र म्हणून यांतील एकही पाहण्यासारखें नव्हतें. तीं उपरण्याला मारलेल्या गांठीसारखीं, आठवणीपुरतीं होतीं.

जपानांत हा प्रकार आमच्या आधीं सुरू झाला होता. तेथें १९९९ च्या मे महिन्यांत क्योसेरा कंपनीनें, आणि २००० च्या नोव्हेंबरांत शार्प कंपनीनें असे दूरध्वनी बाजारांत आणले. दुसऱ्यांत ठिपके अवघे एक लाख दहा हजार. पण भिंगाशेजारीं एक चिमुकला आरसा बसविलेला होता, कारण मनुष्य पहिलें चित्र स्वतःचेंच काढणार हें त्या चतुर लोकांनीं ओळखलें होतें. २००३ पर्यंत तर तेथील मासिकांच्या प्रकाशकांवर पुस्तकांच्या दुकानांतून फलक लावण्याची पाळी आली : कृपा करून पानांचे फोटो काढूं नका! फुकट वाचणारा वाचक ही केवळ मराठी मासिकांचीच मिरास आहे अशी आमची समजूत होती. ती या बातमीनें दूर झाली व थोडें बरेंही वाटलें. त्याहीपूर्वीं, १९९७ च्या जूनमध्यें, कॅलिफोर्नियांतील सांताक्रूझ येथें फिलिप कान नांवाच्या गृहस्थानें सूतिकागृहांत बसल्या बसल्या एक कॅमेरा, एक मोबाइल आणि एक लहान संगणक तारांनीं जोडून नुकत्याच जन्मलेल्या आपल्या मुलीचें चित्र सुमारें दोन हजार लोकांना धाडलें होतें. बारशाचे पेढेसुद्धां इतक्या लवकर पोंचत नाहींत.

परंतु चित्र काढणें निराळें आणि तें पोंचविणें निराळें. २००५ च्या जुलैंत लंडनच्या भुयारी रेल्वेंत बॉम्बस्फोट झाले, तेव्हां अडकलेल्या उतारूंनीं मोबाइलवर काढलेलीं चित्रें जगभर छापलीं गेलीं. त्याच महिन्याच्या २६ तारखेस मुंबईंत सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, दूरध्वनीचीं जाळीं ठिकठिकाणीं बंद पडलीं, आणि कित्येकांच्या खिशांतील चित्रें खिशांतच राहिलीं.

आमच्याकडे त्या वेळीं चित्र वाहून नेण्याचें काम जी. पी. आर. एस. नांवाच्या व्यवस्थेकडे होतें. तिची रीत पंगतीसारखी. एका लहरीवर आठ पाट मांडलेले असत. बोलणारीं माणसें हे मानाचे पाहुणे. त्यांतील प्रत्येकास एक अख्खा पाट. ते बसल्यावर जे पाट रिकामे उरतील त्यांवर चित्रें, पत्रें इत्यादि आश्रितांनीं बसावयाचें, आणि नवा पाहुणा आला कीं उठावयाचें. आठही पाट मिळाले तर सेकंदाला एक लक्ष एकाहत्तर हजार बिट जातील असें कागदावर लिहिलेलें असे. पण आठही पाट मिळाल्याचें भाग्य कोणाच्या वांट्यास आलें असेल तें देव जाणे. आमच्यासारख्या यंत्रास चित्र घेण्यासाठीं दोन-तीन आणि पाठविण्यासाठीं एक-दोनच पाट वापरतां येत. एका पाटावरून सेकंदाला साधारण तेरा हजार बिट जात. पन्नास किलोबाइटचें चित्र म्हणजे चार लक्ष बिट. हिशेबानें अर्धें मिनिट. प्रत्यक्षांत लहरी क्षीण असल्या म्हणजे तोच घांस पुन्हां पुन्हां भरवावा लागे, आणि शेवटीं पंगतच उधळे.

तर, २००६ चा श्रावण. नाना तेव्हां एक्याऐशीं वर्षांचे. मधुमेह वीस वर्षांचा जुना. उजव्या पायाच्या करंगळीला वहाणेचा अंगठा घासून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. पावसामुळें त्यांना हलविणें जिवावर येत होतें. आमचा भाचा पुण्यांत शस्त्रवैद्य. घरांत त्याचा शब्द अखेरचा. तो फोनवर म्हणाला, "मामा, नुसतं वर्णन नको. फोटो पाठवा." पडवींत पाट टाकून, त्यावर नानांचा पाय ठेवून आम्हीं चित्र काढलें. नाना म्हणाले, "तोंडाचा नाही काढलास कधी एवढ्या काळजीनं."

घरांत लहरी येत नसत. त्यासाठीं अर्धा तास चढून सड्यावर जावें लागे. कातळावर उभे राहून, एका हातांत छत्री आणि दुसऱ्यांत यंत्र धरून, आम्हीं चित्र रवाना केलें. पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत जाई, टोंकाशीं जाऊन थबके, आणि मग 'पाठवितां आलें नाहीं' असा जबाब येई. असें तीनदां झालें. पश्चिमेकडून पावसाची मोठी सर समुद्रावरून आंत येतांना दिसत होती. त्या यंत्रांत चित्रसंदेशाचा आकार 'मोठा' किंवा 'लहान' ठेवण्याची एक सोय होती. आम्हीं 'लहान' निवडला. चौथ्या खेपेस संदेश पाहतां पाहतां गेला. निकाल लागल्यावर पहिल्या आलेल्या मुलाला होतो तसा आनंद आम्हांस झाला, आणि आम्ही भिजत, जवळजवळ पळतच, खालीं आलों.

संध्याकाळीं पुन्हां सडा चढून भाच्याचें उत्तर घेतलें. "कोरडं दिसतंय मामा. पट्टी चालू ठेवा, चार दिवसांनी बघू." घरांत सर्वांना हायसें वाटलें. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीनें नारळीभात केला.

तिसऱ्या रात्रीं नानांना थंडी वाजून ताप भरला. पाय घोट्यापर्यंत सुजला. चौथ्या दिवशीं रत्नागिरीस नेलें, आणि पांचव्या दिवशीं करंगळी व तिच्या शेजारचें बोट काढून टाकावें लागलें. तेथील डॉक्टरांनीं कोणास दोष दिला नाहीं. करंगळीच्या मुळाशीं काळें पडूं लागलेलें तीन-चार दिवसांपूर्वीं कोणी पाहिलें होतें काय, एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्ही गप्प राहिलों.

'लहान' म्हणजे किती, हें आम्हीं त्या रात्रीं इस्पितळाच्या बांकावर बसून यंत्राच्या माहितीपुस्तिकेंतून काढलें. आडवे १६०, उभे १२०. गुणाकार १९,२००. म्हणजे आम्हीं काढलेल्या प्रत्येक सोळा ठिपक्यांपैकीं एक पुण्यास गेला होता. गणिताच्या शिक्षकानें ही गोष्ट बटण दाबण्यापूर्वीं विचारावयास हवी होती, नंतर नव्हे.

नानांना शुद्ध आल्यावर दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांना सर्व सांगितलें. न सांगतें तर चाललें असतें. पण त्यांच्यापाशीं हिशेब लपविण्याची आम्हांला संवय नव्हती. त्यांनीं तीस वर्षें पतपेढीचे जमाखर्च लिहिले होते. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे रुपयातला एक आणा पाठवलास म्हण की."

"होय."

"आणि बाकीचे पंधरा आणे?"

"मोबाइलमध्येच आहेत."

"मग ते तरी जपून ठेव," असें म्हणून त्यांनीं कुशीवर वळण्याचा प्रयत्न केला, तो त्यांना जमला नाहीं, आणि आम्हीं उशी सरकवून दिली.

भाच्याला हा आण्याचा हिशेब आम्हीं पुष्कळ दिवस सांगितला नाहीं. सांगितला तेव्हां तो म्हणाला, "मामा, मोठा फोटो आला असता तरी माझ्या फोनचा पडदा तेवढाच होता. मला दिसलं असतंच असं नाही." हें तो आमच्या समाधानासाठीं म्हणाला कीं खरोखर तसें त्याला वाटत होतें, याचा उलगडा आम्हांस आजवर झालेला नाहीं. त्यानंतर मात्र कोणीं चित्र धाडलें कीं तो तें पाहण्यापूर्वींच "पेशंटला घेऊन या" म्हणून सांगे. काहीं नातलग त्याला यामुळें लोभी म्हणत. आम्हीं त्यांच्याशीं वाद घातला नाहीं.

पुढें वेग वाढत गेला. २००८ च्या डिसेंबरांत दिल्लीमध्यें तिसऱ्या पिढीचें जाळें आलें, २०१२ च्या एप्रिलांत कलकत्त्यास चौथ्या पिढीचें, २०१६ च्या सप्टेंबरपासून तें स्वस्त होऊन घरोघर शिरलें, आणि २०२२ च्या ऑक्टोबरांत पांचवी पिढी अवतरली. आमच्या गांवच्या सड्यावर, आम्ही छत्री घेऊन उभे होतों तेथून शंभर पावलांवर, आतां मनोरा आहे. नाना २०१० मध्यें गेले. शेवटचीं चार वर्षें ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालत. मनोरा त्यांनीं पाहिला नाहीं.

नातवाचें नेट परत आलें तोंवर फलंदाज बाद झाला होता, त्यामुळें त्याचा सामन्यांतील रस गेला, आणि "आजोबा, तुमच्या वेळी किती स्पीड होता?" असें त्यानेंच विचारलें. आम्हीं विचारल्यावांचून कांहीं सांगितलें नाहीं, हें येथें नमूद करून ठेवतों. कपाटाच्या खालच्या खणांतून तें फुगीर यंत्र व त्याची जाड टोंकाची तार निघाली. तासभर विजेवर ठेवल्यावर पडदा उजळला. त्यावर वेळापत्रक होतें, वॉशर होता, साडीचे कांठ होते. पडवींतला पाय होता. नातवानें कसली तरी खटपट करून तें चित्र विनातारेनें आपल्या संगणकावर घेतलें आणि बोटांनीं तें मोठें केलें.

चित्र तसें धूसरच. कडा फाटलेल्या, रंग फिका. पण करंगळीच्या मुळाशीं, खालच्या बाजूस, नखाच्या कोरेएवढी एक काळसर रेघ होती. सावली म्हणावी तर बाकीच्या बोटांखालीं तशी नव्हती.

"कुणाचा पाय आहे हा?" नातवानें विचारलें.

"तुझ्या पणजोबांचा."

त्यानें तें चित्र आणखी मोठें केलें, तेव्हां तेथें नुसते चौकोन दिसूं लागले. मग त्यानें तें पुन्हां लहान केलें. "मला पाठवून ठेवू का?" असें त्यानें विचारलें, आणि आम्ही "ठेव" म्हणतों न म्हणतों तोंच त्याच्या मोबाइलवर तें पोंचल्याची घंटा वाजली.